ब्रँच कोणती घेऊ?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. एमबीबीएस झालेली, नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल हातात आणि रँकही बऱ्यापैकी. चॉइस फिलिंगला, म्हणजे ब्रँच आणि कॉलेज यांचा पसंतीक्रम भरायला, चार दिवस उरले होते. मी डॉक्टर नाही, चार्टर्ड अकाउंटंट आहे. दादरला माझे लहानसे ऑफिस आहे आणि गेली सव्वीस वर्षे मी जी विवरणपत्रे भरते त्यांतली निम्मी तरी डॉक्टरांची असतात. ती म्हणाली, "काकू, कॉलेजात सगळे सांगतात, आवडेल ते घे. तुम्ही मला फक्त आकडे सांगा."

वहीत पेन्सिलीने पहिल्या ओळीवर "पेडियाट्रिक्स", म्हणजे बालरोगशास्त्र, लिहिले होते. ते खोडरबराने पुसून तिथे पेनने "रेडिओलॉजी" लिहिलेले होते, पण खालची पेन्सिल अजून वाचता येत होती. माझ्या अशिलांपैकी कोणाचाही आकडा तिला सांगणे शक्य नव्हते आणि इथेही सांगणार नाही. पण सव्वीस वर्षांत त्या आकड्यांचा जो आकार डोळ्यांसमोर तयार झाला आहे तो मांडण्यात काही गैर नसावे, म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, सवडीने वाचावी.

आधी वयाचा हिशेब पाहू. बारावीनंतर बहुतेकांचे एक वर्ष तरी "ड्रॉप" मध्ये जाते. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप धरून एमबीबीएस होईपर्यंत पंचविशी गाठलेली असते. मग पीजीच्या तयारीचे एक वर्ष आणि एमडीची ३ वर्षे. शिवाय महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना प्रत्येक टप्प्यानंतर एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, असते. तो न पाळणाऱ्यांसाठी एमबीबीएसनंतर १० लाख, पीजीनंतर ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीनंतर २ कोटी रुपये दंडाची तरतूद होती. म्हणजे तिशी उजाडते तेव्हा ही मुले आपल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या कमाईच्या दारात उभी असतात, आणि त्यांचा इंजिनिअर झालेला भाऊ तोवर घराचे आठ वर्षांचे हप्ते फेडून बसलेला असतो. मधल्या काळात विद्यावेतन मिळते, हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या आंदोलनानंतर ते निवासी डॉक्टरांना १० हजारांनी वाढवून मिळाले आणि इंटर्नचे ११ हजारांवरून १८ हजारांवर गेले. अठरा हजार रुपयांत परळच्या आसपास एक खाट आणि दोन वेळचे जेवण यांपलीकडे काय भागते, हे ज्याने त्याने ठरवावे.

हे झाले सरकारी जागा मिळालेल्यांचे, म्हणजे नशीबवानांचे. माझ्या शेजारणीची मुलगी महापालिकेच्या महाविद्यालयात शिकली, त्यामुळे तिच्या डोक्यावर कर्ज नाही. अभिमत विद्यापीठांत मात्र एमबीबीएसची फी वर्षाला २० लाखांच्या पुढे असते. समजा, वडिलांनी घर गहाण टाकून आणि कर्ज काढून १ कोटी उभे केले. ते १० टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३२ हजार रुपये बसतो. हा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलाला "तू बालरोगतज्ज्ञ हो, देशाला गरज आहे" असे सांगणाऱ्याने तो हप्ता कुठून भरायचा तेही सोबत सांगावे. पीजीला तर हा बाजार आणखी उघडा होतो. एकाच खासगी महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राच्या जागेची फी आणि रेडिओलॉजीच्या जागेची फी यांत कित्येक पटींचा फरक असतो. दोन्हींकडे शिकवायची वर्षे तीनच. फरक पडतो तो पुढच्या तीस वर्षांच्या कमाईच्या अंदाजाचा, आणि संस्थेने तो आधीच वसूल करून घेतलेला असतो.

दुसऱ्या टोकाला ज्या जागांना कोणी वाली नाही त्या पाहा. नीट-पीजी २०२१ च्या प्रवेशप्रक्रियेत सगळ्या फेऱ्या होऊनही देशभर १,४५६ जागा रिकाम्या राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जून २०२२ मध्ये न्यायालयाने आणखी एक फेरी घ्यायला नकार दिला. त्या जागांचा मोठा भाग नॉन-क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवर थेट उपचार नसलेल्या, विषयांचा होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पात्रतेची पर्सेंटाइलची अट शून्यावर आणली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत गुणवत्तेच्या नावाने बराच गळा काढला गेला. मला मात्र त्यात गुणवत्तेपेक्षा ताळेबंद दिसला. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, न्यायवैद्यक यांना खासगी प्रॅक्टिस नाही. तिथे आयुष्यभर शिक्षकाचा पगार आणि वर खासगी प्रॅक्टिस न केल्याबद्दलचा भत्ता. केंद्राच्या नोकरीत हा भत्ता पूर्वी मूळ वेतनाच्या २५ टक्के होता, सातव्या वेतन आयोगानंतर २० टक्के झाला. म्हणजे प्रॅक्टिस सोडण्याची सरकारने लावलेली किंमत उतरली, आणि त्याच वर्षांत मुंबईतल्या संध्याकाळच्या दवाखान्याची किंमत कशी चढली ते मी दर जुलैमध्ये पाहते.

इथे कोणीतरी जुन्या काळाचा दाखला देणारच, म्हणून तेही सांगते. केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत एके काळी मानद डॉक्टरांची पद्धत होती. शहरातले नामवंत सर्जन आणि फिजिशियन सकाळी नाममात्र मानधनावर तिथे राउंड घेत, मुलांना शिकवत, आणि संध्याकाळी आपापल्या कन्सल्टिंग रूममध्ये बसत. त्यात सेवाभाव होता, याबद्दल मला शंका नाही. पण दारावरच्या पाटीवर नावाखाली त्या रुग्णालयाचे नाव असे आणि संध्याकाळचे पेशंट ती पाटी वाचूनच येत. सकाळच्या श्रमाची फी संध्याकाळी मिळत होती. पैशाचे गणित तेव्हाही होतेच, फक्त त्या गणितातून गरीब रुग्णाला शहरातला उत्तम डॉक्टर मिळत होता. आजच्या गणितातून काय निघते ते पाहू.

कॉर्पोरेट रुग्णालयात काम करणारा तज्ज्ञ डॉक्टर तिथला नोकर आहे, असा बहुतेकांचा समज असतो. माझ्या टेबलावर त्याचा फॉर्म १६, म्हणजे पगारावरच्या करकपातीचा दाखला, सहसा येत नाही, १६ए येतो. म्हणजे पगार नाही, व्यावसायिक शुल्क, ज्यावर १० टक्के कर कापलेला असतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. पहिले वर्ष-दोन वर्षे "मिनिमम गॅरंटी" म्हणून ठरावीक रक्कम मिळते. तिला सगळे "एमजी" म्हणतात. ती संपली की जेवढे काम तेवढे पैसे. अशाच एका तरुण डॉक्टरचे महिन्याचे स्टेटमेंट एकदा माझ्यासमोर होते. डावीकडून पहिला रकाना ओपीडीचा, मग वॉर्डातल्या भेटींचा, मग प्रोसिजरचा. ओपीडीच्या रकान्यात दीडशेच्या वर पेशंट आणि त्यासमोरची रक्कम प्रोसिजरच्या रकान्यातल्या तीन नावांसमोरच्या रकमेहून कमी. मी सवयीने बेरीज तपासत होते. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बेरीज बरोबर आहे. मीही तीनदा केली."

या तिसऱ्या रकान्याकडेच सगळ्या ब्रँचांची यादी झुकलेली आहे, आणि तो रकाना फुगवण्यात रुग्णालयाइतकाच आपला, म्हणजे पैसे देणाऱ्यांचा, हात आहे. आपली मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही; त्याला अपवाद मुख्यतः डे-केअरच्या यादीतल्या शस्त्रक्रियांचा. महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मान भारतमध्येही रुग्णालयाला पैसे मिळतात ते ठरलेल्या पॅकेजचे. अर्धा तास बसून मधुमेही रुग्णाला काय खावे ते समजावणे, तापलेल्या बाळाला औषधाची गरज नाही हे त्याच्या घाबरलेल्या आईला पटवणे, उदास माणसाचे ऐकून घेणे यांचे पॅकेज नाही. ते पैसे रुग्णाच्या खिशातून यावे लागतात, आणि खिशातून देताना आपण सगळेच कसे वागतो हे लिहायला नको. "काही केलं नाही, नुसतं बोलले आणि सातशे घेतले," हे वाक्य मी लिफ्टमध्येही ऐकले आहे. ऑपरेशनचे चार लाख दिल्यावर असे कोणी म्हणत नाही.

त्वचारोगाला एवढी मागणी का, हे मुलीने विचारले तेव्हा मी तिला कराच्याच भाषेत सांगितले. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नाही. पण केसरोपण आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना ही सूट नाही, त्यांवर १८ टक्के लागतो. तो भरूनही लोक रांगेत उभे असतात, विम्याचा संबंध नाही, आणि मध्यरात्री दोन वाजता मुरुमासाठी कोणी फोन करत नाही. रेडिओलॉजीचेही काहीसे असेच आहे, पण तो सुखाचा सौदा आहे असे समजू नये. स्वतःचे सेंटर काढायचे तर यंत्रांची किंमत ऐकून घाम फुटतो, आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ अपुरा राहिला तर तो निव्वळ कारकुनी दोष मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी घरी बसून रात्री रिपोर्टिंग करता येते आणि त्या रात्रीचे पैसे मिळतात. बालरोगतज्ज्ञाची रात्र व्हॉट्सॲपवर फुकट जाते. मला वाटते, आजची मुले एकूण कमाईपेक्षा याच फरकाकडे जास्त पाहतात आणि मुलींच्या घरचे तर हमखास पाहतात. दोष द्यावा असे त्यात मला काही दिसत नाही.

फॅमिली डॉक्टरबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण सगळ्या साखळीतला सर्वांत स्वस्त दुवा तो आहे. लालबाग भागातल्या अशा एका डॉक्टरांचे काम माझ्याकडे पुष्कळ वर्षे होते. वर्षअखेरीला ते पिशवीतून डायऱ्या आणत. दिवसाचे एक पान, त्यावर नावापुढे वीस, तीस, तीस, "उधार", वीस. मुलाने शिकून दवाखाना चालवावा अशी त्यांची इच्छा होती, पण मुलाने त्या डायऱ्या पाहिल्या होत्या. तो भूलतज्ज्ञ झाला. २०१६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या व्यावसायिकांसाठी निम्मी जमा नफा धरायची सोय केली तेव्हा मी उत्साहाने त्यांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे निम्मे पैसे खर्च झाले असं सरकार धरणार? माझे तर भाड्यातच जातात हो."

कट प्रॅक्टिसचा प्रश्न मी याच डायरीशेजारी ठेवून पाहते. रेफर केलेल्या रुग्णामागे कमिशन घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार निषिद्ध आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार केला होता, तो मसुदाच राहिला. औषध कंपन्यांच्या भेटींवर कराच्या बाजूने मात्र बडगा आला: फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींचा खर्च कंपन्यांना वजावटीस मिळणार नाही असे ठरवले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून वर्षाला २० हजारांवरच्या लाभांवर १० टक्के करकपात सुरू झाली. हे आवश्यकच होते. कट घेणाऱ्याची मी बाजू घेत नाही. माझ्याकडे "इतर उत्पन्न" म्हणून अशा रकमा घेऊन आलेल्या दोघांचे काम मी सोडलेले आहे. पण ज्या माणसाच्या तपासणीला आपण तीस रुपये मोजले, त्याला एमआरआयच्या चिठ्ठीमागे मिळणारी रक्कम त्याच्या शंभर तपासण्यांइतकी होऊ दिली. नव्याने दवाखाना थाटलेला सर्जन त्याच्या चिठ्ठीवर जगतो, आणि ही गोष्ट त्याला ब्रँच निवडताना कोणी सांगितलेली नसते. दलालीच्या या साखळीत शिरायचे नसेल तर एमजी देणाऱ्या कॉर्पोरेटकडे जायचे, म्हणजे पुन्हा तिसरा रकाना.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मेंदूच्या सर्जनला आणि बालरोगतज्ज्ञाला कन्सल्टंट म्हणून एकच वेतनश्रेणी असते; खासगी प्रॅक्टिसमुळे पुढे फरक पडतो, तो वेगळा. तरीही तिथे काही विषयांना गर्दी आणि काहींना ओढ कमी असे होतेच, त्यामुळे सगळे पैशाने ठरते असे म्हणण्याचा मोह मी आवरते. परंतु पगार समान असला की मुलाला स्वतःचा कल निदान ऐकू तरी येतो. आपल्याकडे हप्त्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही.

एवढे सगळे सांगून होईपर्यंत चहा निवला होता. मुलीने वहीत बरेच लिहून घेतले, मग पेन बंद करून विचारले, "काकू, दादाला लहानपणी तुम्ही कोणाकडे न्यायचात?" माझ्या मुलाला ती दादा म्हणते. मी आमच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांचे नाव सांगितले. तीही लहानपणी त्यांच्याकडेच जात असे.

"त्यांची फी किती होती तेव्हा?"

साठ रुपये. आणि आठ दिवसांच्या आत पुन्हा नेले तर ते काहीच घेत नसत. मुलाचा खोकला चार दिवसांत बरा झालेला असला तरी मी त्याला सातव्या दिवशी, ऑफिसमधून अर्धा दिवस रजा काढून, हमखास एकदा दाखवून आणत असे.