'कर' काढून मूळ गाव सापडत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: आडनावातला 'कर' काढा, उरेल ते तुमचं मूळ गाव; 'कर' नसेल तर आडनावावरून जात कळते; आणि आडनावं मुळात इंग्रजांनी चिकटवली.

बांदेकरमधला 'कर' काढला की 'बांदे' उरतं. गाव आहे बांदा. तेंडुलकरांचं तेंडोली. साताऱ्याचा मात्र सातारकर होतो, सातारेकर नव्हे. नाव जुळलं तरी वडगावकरांचं वडगाव कुठलं? वडगावं महाराष्ट्रात ढीगभर आहेत.

खरी गफलत 'मूळ' या शब्दात आहे. पेशव्यांचे सरदार विंचूरकर मूळचे दाणी, सासवडचे. विंचूर ही त्यांची नाशिककडची जहागीर. इथे 'कर' पूर्वज कुठून निघाले ते सांगत नाही, कुठे पोचले ते सांगतो. होळकरांचं होळ मात्र खरंच त्यांचं गाव. प्रत्यय तोच, अर्थ उलटा. शिवाय गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावून ओळख पटत नाही. ते बहुधा गाव सोडल्यावर लागतं. सोडलेलं ते गाव घराण्याचं पहिलंच असेल, असंही नाही.

जातीचं म्हणाल तर पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी पदं. पाटील मराठ्यांत आहेत, आगऱ्यांत, लेव्यांत, जैनांत, लिंगायतांतही आहेत.

इंग्रजांनी दिली? शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली ती मोऱ्यांकडून. तेव्हा मुंबईसुद्धा इंग्रजांकडे आलेली नव्हती. पूर्वी आडनाव बदलत असे, एवढं खरं: भटांचे पेशवे झाले, गोखल्यांचे रास्ते. शाळा, कोर्टकचेऱ्या आणि पगारपत्रकांनी ते गोठवलं. 'चिकटवणं' पाहायचं तर गोव्यात पाहा. बाप्तिस्म्याबरोबर फर्नांडिस, डिसोझा ही पोर्तुगीज आडनावं आली.

शोधायचंच असेल तर आधी आजा-पणजाची नावं आणि कुलदैवत लिहून काढा. मग पूर्वजांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, तहसिलातलं कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), जमिनीचे जुने फेरफार. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळी, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवह्याही पाहाव्यात. तिथे आडनावासोबत गाव सांगावं लागतं. नुसतं आडनाव धरून बसलात तर हमखास चुकाल, कारण जुन्या नोंदीत पुष्कळदा 'गोविंदा बिन रामजी', म्हणजे रामजीचा मुलगा गोविंदा, एवढंच असतं. म्हणून बाप-लेकाची जोडी जुळवत मागे जायचं. आणि नोंद मोडीत असेल तर वाचणारा जाणकार गाठा. घाईघाईत लिहिलेल्या मोडीत एक अक्षर चुकलं की गावच बदलतं.