रेंजरला दिशा कळली तर बिघडलं कुठे?

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळात रेंजर (रानात वावरणारा, माग काढणारा योद्धा) या पात्राला प्रायमिव्हल अवेअरनेस, म्हणजे आसपासचे अद्भुत जीव जाणवण्याची क्षमता असते. तिच्यात त्या जीवांची दिशाही कळावी असा जो बदल मी केला, त्यावर तुमचे आक्षेप असे: छापील नियम डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) सोयीनुसार वाकवू नये, रेंजरला दिशा कळली की गूढ संपतं, पॅलाडिनवर (धर्मयोद्ध्यावर) अन्याय होतो, आणि या न्यायाने उद्या रोगची (चोरट्या पात्राची) थीव्ज कँट, म्हणजे चोरांची गुप्त भाषाही बदलावी लागेल.

आधी मूळ नियम बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकानुसार तिसऱ्या लेव्हलचा रेंजर एक स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याची मोजकी संधी) खर्च करतो आणि त्याला कळतं ते एवढंच, की १ मैलाच्या आत अनडेड (मरूनही हिंडणारे), फीन्ड (सैतानी जीव), फे (परीलोकातले जीव), ड्रॅगन वगैरेंपैकी कोणी आहे की नाही. किती आहेत, कुठे आहेत, काही नाही. त्या लेव्हलला त्याच्याकडे स्लॉट असतात जेमतेम ३. खरी गंमत पुढे आहे. स्वतः निवडलेल्या भूप्रदेशात हा पल्ला ६ मैल होतो. पल्ला सहापट, म्हणजे क्षेत्रफळ छत्तीसपट. एवढ्या जंगलात एखादी फे नसेल तरच नवल! जंगल निवडलेल्या रेंजरला त्याच्याच जंगलात बहुतेक वेळा ‘आहे’ असंच उत्तर मिळणार, आणि त्या ‘आहे’चं करायचं काय हे त्याला कळणार नाही. जिथे तो सगळ्यांत तरबेज, तिथेच ही क्षमता सगळ्यांत निरुपयोगी. खेळाडू एकदा वापरून बघतो, मग स्लॉट गुपचूप हंटर्स मार्क या शिकारीला जास्त इजा करणाऱ्या मंत्रासाठी राखून ठेवतो. त्याचं काय चुकलं?

म्हणून माझ्या टेबलावर त्या-त्या प्रकारातल्या सर्वांत जवळच्या जीवाची ढोबळ दिशा कळते. स्लॉटचा खर्च तसाच ठेवलाय. अंतर आणि संख्या आधीसारखीच झाकलेली.

छापील शब्दाबद्दल म्हणाल, तर प्रकाशकांनीच तो पाळलेला नाही. २०२० मध्ये टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकात त्यांनी याला पर्याय दिला: ठरावीक स्पेल्स (मंत्र), जसं प्राण्यांशी बोलणं, प्रत्येकी एकदा, लाँग रेस्टपर्यंत (पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत) फुकट. २०२४ च्या हँडबुकातून तर ही क्षमताच गायब आहे. मला टाशाचा पर्याय आवडत नाही, पण तो आवडीचा भाग झाला. प्राण्यांशी बोलणं छानच आहे, पण रेंजरला काहीतरी ‘जाणवणं’ त्यात हरवतं.

आता गूढ. समजा, गावातली म्हातारी सुईण खरं तर ग्रीन हॅग (एक प्रकारची चेटकीण) आहे. हॅग म्हणजे फे. रेंजरला ‘पूर्वेला फे’ एवढं कळलं, तर पूर्वेला विहीर आहे, देऊळ आहे, पाच घरं आहेत, पलीकडे रान आहे. दोन ठिकाणांहून दोन स्लॉट खर्चून तो रेषा जुळवू शकतो, पण तोवर ती हॅग जागची हलणार नाही असं थोडंच आहे? आणि खलनायक वेअरवूल्फ (लांडगा होणारा माणूस) असेल तर ही क्षमता ढिम्म बोलणार नाही, कारण २०१४ च्या नियमांत तो ह्युमनॉइड (माणसांच्या वर्गातला) आहे, आणि तो वर्ग या क्षमतेच्या यादीत नाही. गूढ एका ‘पूर्वेला’ने कोसळत असेल, तर माझ्या मते ते मुळातच कच्चं होतं.

थीव्ज कँटला मात्र मी हात लावणार नाही. तो नियम धड आहे, डीएम त्याला संधी देत नाहीत एवढंच. बंदरातल्या गोदामाच्या भिंतीवर खडूची एक खूण काढा, ती फक्त रोगला वाचता येऊ द्या, काम झालं. नियमच लंगडा असेल तर तो बदलावा, प्रसंगच येत नसेल तर प्रसंग घडवावा, एवढा फरक मी करतो. (रेंजरच्याच नॅचरल एक्स्प्लोरर या प्रवासातल्या क्षमतेचं दुखणं तिसरंच आहे. पात्रांचा गट वाट चुकतच नाही, अन्न दुप्पट मिळतं, त्यामुळे प्रवास खेळण्यासारखा उरतच नाही. त्यावर वेगळं लिहीन.)

पॅलाडिनचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्याच्या डिव्हाइन सेन्स या क्षमतेला ६० फुटांत, पूर्ण आडोशामागे नसलेला अनडेड किंवा फीन्ड नेमका कुठे आहे ते कळतं, तेही स्लॉट न खर्चता. म्हणून तर रेंजरला मी अंतर देत नाही. लांबून वाट दाखवायची रेंजरने, दारात उभं राहून बोट ठेवायचं पॅलाडिनने. तरीही तुमच्या पॅलाडिनला हे खटकत असेल, तर फीन्ड आणि अनडेडची दिशा वगळा, फक्त फे, ड्रॅगन, एलिमेंटल (अग्नी, जल अशा तत्त्वांचे जीव) अशा बाकीच्यांची ठेवा. आणि बदल करायचाच तर रेंजर तिसऱ्या लेव्हलला पोहोचण्याआधी सगळ्या टेबलाला विचारून करा.