डिझेलची गळती बोटाने शोधू नका

काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. गाडी कळंबोलीला स्टील मार्केटबाहेर उभी, इंजिनपाशी डिझेलचा वास, आणि म्हणे, "मामा, इंजिन चालूच ठेवलंय, पाइपांवरून बोट फिरवून लीक बघतो." मी ओरडलो तेव्हा घरातले उठून बसले. ही अक्कल त्याला दिली ती ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपांवर महिनाभर फिरणाऱ्या एका मेसेजने: ‘डिझेल लीक? मेकॅनिकला हजार रुपये घालवू नका, पाच मिनिटांत स्वतः बंद करा.’ माझ्याकडे तो तीनदा आला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

‘इंजिन चालू ठेवा, पाइपवरून बोट फिरवा, ओलं लागेल तिथे लीक.’ मेसेजची सुरुवातच ही. भाच्याचा ट्रक बीएस सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांचा. इंजिन चालू असताना त्याच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, दीड-दोन हजार बार प्रेशर असू शकतं. ट्रकच्या टायरात असतं आठेक बार. एवढ्या प्रेशरच्या पाइपाला केसाएवढी चीर गेली की डिझेल ठिबकत नाही, बारीक फवारा उडतो. टॉर्चच्या उजेडात तो धड दिसतही नाही, आणि हातमोज्यातून, कातडीतून थेट आत घुसतो. वर उरतो सुई टोचल्यासारखा एक ठिपका. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस बोट फडक्याला पुसतो आणि गाडी काढतो. आत मात्र डिझेल तळव्याकडे पसरत जातं आणि काही तासांत बोट सुजून टम्म होतं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात हाताच्या अशा ४३५ केसेस तपासल्या होत्या. त्यातल्या ३० टक्क्यांत बोट किंवा हाताचा भाग कापून टाकावा लागला. इंधन किंवा थिनरसारखं काही आत गेलं असेल, तर सहा तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांची बोटं वाचण्याची शक्यता जास्त होती. म्हणून असा ठिपका दिसला तर मलम लावून झोपायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि "प्रेशरने डिझेल आत गेलंय" हेच शब्द सांगायचे, नाहीतर टोचल्याची जखम समजून घरी पाठवतील. इंजिन बंद केलं तरी रेलमधलं प्रेशर लगेच उतरत नाही. थांबायचं. प्रेशरच्या पाइपाला चीर असेल तर तो दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो.

‘डिझेल काडी लावली तरी पेटत नाही.’ थंड डिझेलचं थारोळं पटकन पेटत नाही, एवढं खरं. पण डिझेलची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेटू शकते तो फ्लॅश पॉइंट. आपल्याकडे तो किमान ३५ अंश असला तरी चालतो, आणि मे महिन्यात केबिनखाली त्याहून जास्त तापतं. फवारा तापलेल्या टर्बोवर, म्हणजे इंजिनच्या गरम धुरावर फिरणाऱ्या पंख्यावर, गेला तर काडीही लागत नाही. दोनशे अंशांच्या थोडं वर डिझेल आपोआप पेटतं, आणि लोडवर घाट चढून आलेला टर्बो त्याहून कितीतरी गरम असतो.

‘टाकी रिकामी करून वेल्डिंग मारा’ हे ज्याने लिहिलं त्याने रिकामी टाकी फुटलेली पाहिलेली नाही. टाकीत उरलेली वाफ आणि हवा मिळून जे तयार होतं, त्याला एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट.

‘जोडाला साबण घासा, वरून एमसील लावा’ यातलं साबणाचं मात्र मान्य करतो. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून टाकीच्या झिरपणाऱ्या जोडाला घासून लावला तर गॅरेजपर्यंत पोचता येतं. मीही पोचलोय. पण मेसेजमध्ये त्याला ‘कायमचा इलाज’ म्हटलंय. आणि वरून एमसील? डिझेलने ओल्या पत्र्यावर ते धरतच नाही.

‘नट दाबून आवळा’ म्हणजे आटे घालवा. डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाखालचा (बँजो बोल्ट) कॉपर वॉशर एकदा दबला की दबला, नवीन टाकायचा. काही रुपयांची वस्तू. शिवाय टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या लाइनला गळती असेल तर चालू इंजिनात तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेर सगळं कोरडं, आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते. त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

भाच्याने गाडी बंद केली, केबिनमध्ये झोपला. सकाळी मेकॅनिक आला. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नच्या रबरी पाइपाला क्लिपखाली तडा गेला होता. वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा, हातपंपाने हवा काढली, पंधरा मिनिटं. मेकॅनिक गेल्यावर भाच्याने रस्त्यावरच्या डिझेलवर दोन घमेली माती टाकली. पहिल्या पाळीच्या बाइक तिथूनच जातात.