इतिहास मंडळं जगतात ती नोंदवहीवर

छोट्या गावातलं इतिहास मंडळ म्हटलं की लोकांना व्याख्यानं, जयंत्या आणि एखादं प्रदर्शन आठवतं. तेही हवंच. पण माझ्या मते मंडळाचा जीव असतो तो दाखल-नोंदवहीत. वस्तू कोणी दिली, कधी दिली, त्यांच्या घरात ती कुठून आली, देताना ते काय म्हणाले, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवलं नाही, तर पुढे ती तलवार कुणाचीही होते. मग ज्याला जशी हवी तशी गोष्ट तिला चिकटते.

जुन्या फोटोंचं तर विचारूच नका. शाळेतल्या एका वर्गाचा फोटो, तीन रांगा, मधे मास्तर, मागची बाजू कोरी. त्यातली माणसं ओळखणारे आज ऐंशी-पंच्याऐंशीचे आहेत. त्यांच्याजवळ बसून रांगेनुसार नावं लिहून घेणं हे मला कुठल्याही स्मारकापेक्षा तातडीचं वाटतं. आणि लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी वाईला मिळालेल्या पत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे एकूण बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले. दुसऱ्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. पुण्या-मुंबईची वाट न बघता! याचं मला फार मोल वाटतं.

पेशवाईतला हातकागद अजून टिकून आहे, कारण तो चिंध्यांपासून केलेला असायचा. लाकडाच्या लगद्याचं वर्तमानपत्र मात्र काही दशकांतच पिवळं पडतं, घडीवर तुटतं. म्हणजे विसावं शतकच आधी नाहीसं होणार आहे, आणि नेमकं तेच आपण रद्दीत घालतोय. घराण्याची सनद कपाटात जपतात आणि सहकारी संस्थेचे अहवाल, शाळेचे हजेरीपट, नाटकांच्या जाहिराती वजनावर विकतात. मंडळांनी हे कागद मागून घ्यायला हवेत. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्कॅन जरूर करा, पण फाइलला नाव आणि सूचीत क्रमांक दिला नाही तर हार्ड डिस्कवर नुसता ढीग साठतो.

दप्तरं वाड्यांत होती, म्हणून वाड्यांचाच इतिहास लिहिला गेला. ज्यांच्या घरी कागदच नव्हते, त्या मजुरांचं, कारागिरांचं, बायकांचं बोलणं त्यांच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित करणं हे मंडळाचंच काम आहे. निदान आता तरी ते टाळता कामा नये.

देणगीदार इमारतीला पैसे देतात, पाटीवर नाव येतं. सूची करणाऱ्याला मानधन द्यायचं म्हटलं की सगळे गप्प. मला याचा राग येतो. मोडी वाचता येणारा एक माणूस आणि नोंदी करणारा एक माणूस, दोघांना वर्षभर नीट पैसे द्या. रुमालात बांधलेली दप्तरं त्याशिवाय सुटणार नाहीत. तुमच्या गावात मंडळ असेल तर पुढच्या सभेत सूचीचं काम कुठवर आलं ते विचारा, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम आहे का तेही बघा.