‘डिस्ट्रेस’चा कोड आणि एनआयसीयूचं बिल

होणाऱ्या आईबाबांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: बाळ जन्मताच रडलं म्हणजे फुफ्फुसं ठणठणीत, भरभर श्वास तर सगळीच बाळं घेतात, तरी डॉक्टर फाइलवर ‘रेस्पिरेटरी डिस्ट्रेस’ (श्वासाचा त्रास) लिहितात, कारण त्याला आजारांच्या यादीत (आयसीडी-१०) पी२२ हा कोड आहे आणि कोड लागला की बिल वाढतं. पुरावा काय, तर दोन दिवसांत निदान बदलतं आणि बाळ बरंही होतं. वर हा शिक्का मुलाला विम्यात जन्मभर नडतो, म्हणून एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) कागदावर सही करू नका.

अमेरिकन रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या फायली कोड करणं, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड लावणं, हे माझं रोजचं काम. पी२२ चा हा पराक्रम वाचून आधी हसू आलं, शेवटची ओळ वाचून मात्र धसका बसला.

आधी रडण्याचं बघू. खणखणीत रडलेलं, पाचव्या मिनिटाला अपगार स्कोअरमध्ये, म्हणजे जन्मताच्या तपासणीत, दहापैकी नऊ गुण मिळवलेलं बाळ तासाभराने कण्हायला लागू शकतं. ते गुण त्या मिनिटापुरते असतात. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसांत द्रव भरलेला असतो. कळा सुरू झाल्या की तो शोषला जाण्याला वेग येतो. कळा न येताच सिझेरियन झालं तर तो मागे राहू शकतो आणि बाळाला धाप लागते. हे टीटीएन (ट्रान्झियंट टॅकिप्निया ऑफ द न्यूबॉर्न, नवजात बाळाची तात्पुरती धाप), कोड पी२२.१. ३९ आठवडे भरायच्या आत ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये हा धोका वाढतो. पत्रिका चांगली पडावी म्हणून ३७व्या आठवड्यातला मुहूर्त काढून आणणारे मात्र या ग्रुपांवर कुणालाच खटकत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

‘सगळीच बाळं भरभर श्वास घेतात’ हे अर्धं खरं. मिनिटाला ४० ते ६० हे नॉर्मलच. मध्येच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर, हेही नॉर्मल. म्हणूनच पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नसतं. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं. आकडा ६० च्या वर टिकून राहिला, नाकपुड्या फुलल्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज आला, की तो डिस्ट्रेस.

निदान बदलतं, हे तर बरोबरच आहे. दुसऱ्या तासाला टीटीएन, फुफ्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट कमी पडल्याने होणारा आरडीएस (रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) आणि जंतुसंसर्ग यांतला फरक नुसतं बघून सांगता येत नाही. एक्स-रे, ब्लड गॅस (रक्तातले वायू), कल्चर (रक्तात जंतू वाढतात का) यांची वाट बघावी लागते. श्वास २४ ते ७२ तासांत उतरला आणि कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे टीटीएन होतं, असं बऱ्याचदा मागाहूनच म्हणता येतं. मला तर पहिल्या दिवसाचं निदान डिस्चार्जपर्यंत जसंच्या तसं कॉपी-पेस्ट झालेल्या फाइलचा संशय जास्त येतो.

आता कोड आणि पैसा. मेसेजमधला खरा अंश इथे आहे, पण तो अमेरिकेतला. तिथे ‘रेस्पिरेटरी डिस्ट्रेस’ एवढंच लिहिलं तर पी२२.९. पुढे ‘सिंड्रोम’ आलं की पी२२.०, आणि एमएस-डीआरजी या, निदानांचे गट करून गटागणिक पैसे देण्याच्या पद्धतीत फाइल थेट ७९० क्रमांकाच्या गटात, म्हणजे अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रांगेत. टीटीएन त्या गटात बसत नाही. एका शब्दावर पैसे फिरतात म्हणूनच कोडरचे हात बांधलेले असतात. समजा, सर्फॅक्टंट दिल्याची नोंद आहे, एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये दुधी काचेसारखी फुफ्फुसं आहेत, सगळं आरडीएसकडे बोट दाखवतंय, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी फक्त ‘डिस्ट्रेस’ लिहिलंय. तरी मला पी२२.० लावता येत नाही. मी क्वेरी पाठवते: श्वासाच्या त्रासाचं कारण आपल्या मते काय, ते नोंदवावं. उत्तर प्रश्नातच सुचवायचीही मुभा नाही.

आपल्याकडच्या खाजगी रुग्णालयात रोख बिल म्हणजे बेडचा रोजचा दर, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), सर्फॅक्टंटची वायल, तपासण्या, व्हिजिट यांची बेरीज. तिथे पी२२.० लिहा नाहीतर पी२२.१, बेरीज तीच. सरकारी रुग्णालयांच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात. जिथे बिलच नाही, तिथेही हेच निदान लिहिलं जातं. आणि ज्याला बिल फुगवायचंच आहे, त्याला कोड कशाला हवा? बाळाला दोन दिवस जास्त ठेवलं की काम झालं. असं होतच नाही, असं मी म्हणणार नाही.

विम्याचं थोडक्यात. टीटीएन बरा झाला की तो कोड पुढच्या फायलींत ओढत न्यायचा नसतो. प्रस्तावाच्या फॉर्मवर जन्मानंतरच्या अॅडमिशनबद्दल विचारलं तर खरं लिहावं; नडते ती लपवाछपवी.

राहिली सही. कण्हणाऱ्या बाळाचा ऑक्सिजन वादापायी थांबवू नका. सही करा आणि रोज चार्ट दाखवायला सांगा: श्वासाचे आकडे, ऑक्सिजन किती टक्के, सीपॅप कधी काढला. बाळ साध्या हवेवर आहे, तोंडाने दूध पितंय, तरी एनआयसीयूतच असेल, तर का ते विचारा. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर तसं सांगतील. उत्तर पटलं नाही तर केस पेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांना त्या ७२ तासांत द्याव्या लागतात.