जिम दसऱ्याला उघडल्या, भरतीचं काय?

"कोविडनं आपल्या पिढीला व्यायामाची गोडी लावली," असं परवा एक मित्र ठासून सांगत होता. माझ्यापुरतं खरं आहे ते. मार्च 2020 पर्यंत मी जिमची वर्षाची फी भरून महिन्यातून चारदा तोंड दाखवणारा माणूस. लॉकडाऊनमध्ये पाण्याचे कॅन उचलले, दोरीच्या उड्या मारून खालच्या काकूंच्या शिव्या खाल्ल्या. जूनमध्ये राज्यात निर्बंध सैल करणारं 'मिशन बिगिन अगेन' आलं, पहाटे 5 ते संध्याकाळी 7 बाहेर व्यायामाला मुभा मिळाली, तेव्हा सायकल घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "नाव लिहून जा, माल आला की फोन करतो." त्या मे ते सप्टेंबरात देशात 41 लाखांवर सायकली खपल्या. त्यातली एक माझी. (सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात, तो विषय नको.) दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला, राज्यातल्या जिम उघडल्या तेव्हा तर आम्ही सेल्फी टाकले होते.

पण मित्राच्या त्या 'आपल्या पिढी'त माझा मावसभाऊ बसत नाही.

तो साताऱ्यातल्या माण तालुक्यातला. ऑलिंपिक धावपटू ललिता बाबरचा तालुका, पळण्याचं अप्रूप तिथं कुणाला नाही. दोन वर्षं हा पोरगा सैन्यभरतीसाठी चारला उठून, अंधारात, डांबरी रस्त्यावर पळत होता. शाळेपासून पुलापर्यंत आणि परत, बरोबर सोळाशे मीटर, मोटरसायकलवर मोजलेले. साडेपाच मिनिटांच्या आत यायचा. वर दहा बीम, म्हणजे पुलअप्स. लॉकडाऊन लागला, भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी बंद झाली, पोरं घरोघर गेली, वेशीवर बाभळीचे फांदे आडवे पडले. तरी काही महिने हा वस्तीवरच्या बांधांवरून पळला. जुलैत एकवीस पूर्ण झाली आणि सैन्यभरतीचं वय संपलं. भरती मेळावे रखडले ते रखडलेच. 2022 च्या जूनमध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, एकदाच म्हणून 23 पर्यंत सूट दिली, तोवर हा तेविशीच्या दारात उभा. 2021 मध्ये झालेल्या पोलीस भरतीत आधी लेखी परीक्षा होती. तिथंच अडकला, ग्राउंडवर, म्हणजे पळण्याच्या चाचणीला, जायची वेळच आली नाही.

आणि पळणं थांबलं.

मित्राला हे सांगितलं तर म्हणतो, "तब्येतीसाठी पळायचं की! इच्छाशक्ती पाहिजे." या शब्दाचा मला राग येतो. दोन वर्षं चारला उठणाऱ्याकडे ती नव्हती आणि गजर सात वेळा पुढं ढकलणाऱ्या माझ्याकडे आहे? माझ्या व्यायामाला वयाची अट नाही, एवढाच फरक. शहरात बिनकामाचं पळणाऱ्याला फिटनेस फ्रीक म्हणतात. गावात भरतीचं वय उलटलेला पळायला लागला की माणसं विचारतात, "काय रे, काम नाय का?" मावशीसुद्धा म्हणाली होती, "आता कशाला पळायचं?" तिचं काय चुकलं? तिच्या लेखी ते पळणं म्हणजे नोकरीची मशागत होती.

दिवाळीत गावी गेलो होतो. नवं घड्याळ हातात, उत्साह दांडगा. म्हटलं चल, सोळाशे मारू. तो पुलाच्या कठड्यावर बसला. "तू पळ दादा, मी बघतो."

पुलापासून शाळा गाठून धापा टाकत परत आलो. त्याच्या हातात ना फोन ना घड्याळ.

"साडेनऊ," तो म्हणाला.

मी मनगट वर केलं. 9 मिनिटं 28 सेकंद.