टेस्ट कनेक्शन सक्सेसफुल आलं, पण कोणासाठी?

दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड' या एवढ्याशा एररवर मी उगाच रामायण लिहिलंय, तुम्ही महापेच्या ऑफिसात ईआरपीच्या (कंपनीचा स्टॉक-हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) रिपोर्ट सर्व्हिसला, म्हणजे सर्व्हरवर मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, सरळ ॲडमिनचा लॉगिन-पासवर्ड दिला आणि पाच मिनिटांत काम झालं. झालं असणार, त्यात वादच नाही. पण का झालं ते बघा ना.

तुम्ही डीएसएन (डेटा सोर्स नेम, म्हणजे डेटाबेस कुठे आहे आणि कुठल्या ड्रायव्हरने जोडायचं याची साठवलेली नोंद) बनवला असणार युजर डीएसएनच्या टॅबमध्ये, ओडीबीसीची, म्हणजे प्रोग्राम डेटाबेसशी जोडायच्या विंडोजच्या सोयीची, विंडो उघडली की तोच टॅब समोर येतो म्हणून बरेच जण तिथेच बनवतात. तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, करंट युजरच्या खाली जातो, म्हणजे तुमच्या लॉगिनच्या खिशात. सर्व्हिस चालत होती 'लोकल सिस्टम' नावाच्या विंडोजच्या वेगळ्या खात्यावर, तिला तुमचा खिसा दिसणार कसा? मग तुम्ही सर्व्हिसलाच तुमचा लॉगिन चढवलात, दिसला. आता पॉलिसीप्रमाणे त्या ॲडमिनचा पासवर्ड बदलला आणि नंतर कधीतरी सर्व्हर रीस्टार्ट झाला की सर्व्हिस १०६९ लॉगऑन फेल्युअर देऊन बसणार, तळोज्याच्या गोडाउनला गाड्या भरून उभ्या आणि चलन छापत नाही, आणि फोन कोणाला येणार? तुम्हालाच. वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटकडे हे अगदी असंच झालेलं बघितलंय. सिस्टम डीएसएन, म्हणजे त्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांना दिसणारा, बनवला असता तर ही भानगडच नव्हती.

दुसरं, 'टेस्ट कनेक्शन सक्सेसफुल येतं तरी एरर येतो म्हणजे सॉफ्टवेअरच भिकार' असंही लिहिलंयत. अहो, ती टेस्ट तुमच्या लॉगिनने आणि त्या ओडीबीसी विंडोच्या बिटने (प्रोग्राम ३२ बिटचा की ६४ बिटचा) होते, सर्व्हिसचा तिच्याशी काही संबंध नाही. मायक्रोसॉफ्टने इथे खरंच वाट लावून ठेवलीय, ६४ बिटचं ओडीबीसी टूल सिस्टम३२ फोल्डरमध्ये, ३२ बिटचं सिसवॉव६४ मध्ये, आणि दोन्ही फायलींचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. जुनं ३२ बिट ॲप असेल आणि सिस्टम डीएसएन ६४ वाल्यात बनवला असेल, तर ॲपला तो वापरताच येत नाही, तुम्ही कितीही वेळा डिलीट करून परत बनवा.

म्हणून रीइन्स्टॉलच्या आधी एवढंच करा. टास्क मॅनेजर, डिटेल्स टॅब, वरच्या हेडिंगवर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्समध्ये प्लॅटफॉर्म टिक करा, युजर नेम नसेल दिसत तर तेही. एरर देणाऱ्या प्रोसेसच्या ओळीत कोणाच्या नावाने आणि किती बिटमध्ये चालतंय ते समोर येतं, बस त्याच बिटच्या टूलमध्ये सिस्टम डीएसएन बनवायचा. ड्रायव्हरही त्याच बिटचा लागतो, तो ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये दिसतो.

आणि डीएसएन न वापरता ड्रायव्हरचं नाव थेट कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (ॲपच्या सेटिंगमधल्या जोडणीच्या ओळीत) असेल तर ते अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. स्ट्रिंगमध्ये 'ओडीबीसी ड्रायव्हर १७ फॉर एसक्यूएल सर्व्हर' आणि नव्या सर्व्हरवर टाकलाय फक्त १८, तर हाच एरर येतो, आणि माणूस बसतो डीएसएन शोधत.

एररचा कोड आयएम००२ (हाच 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड') आहे की एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६, ते पण बघा. १८४५६ म्हणजे डेटाबेस सर्व्हरपर्यंत पोचलात, लॉगिन नाकारलंय, मग वरची डीएसएन आणि ड्रायव्हरची शोधाशोध लागू नाही. तुमच्या त्या सर्व्हिसचे दोन्ही कॉलम बघून इथेच लिहा, सर्व्हरचं नाव आणि आयपी मात्र टाकू नका.